लांगली (कळलावी) : लागवडीतील नित्याच्या अडचणी व त्यांचे निराकरण

उपविषवर्गातील लांगली बहुतेक वैद्यांना दोनच ठिकाणी भेटते. एक निघंटूंत आणि दुसरे काष्ठौषधींच्या दुकानातील पोत्यात. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील गडग्यांच्या आडोशाने, विदर्भातील झुडुपी रानांच्या कडेला ही वेल आपण होऊन उगवते, ज्वालेसारख्या फुलांनी पेटल्यासारखी दिसते आणि थंडी सुरू होताच मागमूस न ठेवता नाहीशी होते. रानात तिला कोणी पाणी घालीत नाही, खत देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूत तर ही बाहेरून गेलेली वेल इतकी माजली आहे की तेथे ती उपद्रवी तण मानली जाते. इतकी चिवट असलेली ही बहुवर्षायू वनस्पती दवाखान्याच्या बागेत आणली की मात्र दुसऱ्या वर्षी दिसेनाशी होते, ही तक्रार अनेक वैद्यबंधूंकडून वारंवार ऐकू येते. कंद उगवला नाही, उगवला पण फुलला नाही, फुलला पण फळ धरले नाही, आणि शेवटी कुंडीत काही उरलेच नाही, असा या तक्रारीचा क्रम असतो.

प्रस्तुत लेखात या अडचणींचा विचार करावयाचा आहे. एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. या अडचणींपैकी बहुतेकांचे मूळ माती, खत वा रोग यांत नसून कंदाचे वार्षिक चक्र न समजण्यात आहे. ते चक्र ध्यानात आले की उपाय बहुधा आपोआप सुचतात.

नामविचार

वनस्पतीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी तिचा समावेश पलांडुकुलाशी निकट अशा लिलिएसी कुलात होत असे. आता ती कॉल्चिकेसी कुलात धरली जाते. लांगली व हलिनी ही नावे कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून, अग्निशिखा हे पुष्पाच्या वर्णावरून आणि गर्भपातिनी हे कर्मावरून आलेले आहे. मराठीत कळलावी, खड्यानाग, वाघनखी अशी नावे असून कोकणात काही ठिकाणी फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात व गौरीपूजनात ती वापरतात.

रोप वा कंद मागविताना मात्र नावावर विसंबून चालत नाही. निघंटूंत लांगली हे नाव जलपिप्पलीला आणि नारळालाही दिलेले आढळते. विशल्या हे नाव गुडूचीकडेही जाते. अग्निशिख म्हणजे केशरही होऊ शकते. मराठीत वाघनखी म्हणून जी दुसरी वनस्पती दाखविली जाते ती विंचवी, म्हणजे मार्टिनिया; तिच्या कठीण फळाला वाकड्या नख्या असतात आणि कळलावीशी तिचा काहीही संबंध नाही. ओळखीची खूण एकच पक्की मानावी. कळलावीच्या पानाचे टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते व त्यानेच वेल आधार धरते. पानाच्या टोकालाच प्रतान असणारी आणि सहा नागमोडी कडांच्या, मागे वळलेल्या परिदलांचे फूल असणारी दुसरी वेल आपल्या रानांत सापडत नाही.

कळलावी या नावाविषयी जाता जाता. ‘कळा’ म्हणजे प्रसववेदना, त्या लावणारी ती कळलावी, हा अर्थ वैद्यांना जवळचा. लोकांत मात्र ही वेल घरात आणली की घरात कळ लागते, भांडणे होतात अशी समजूत आहे. संस्कृतातील कलिहारी या नावातही ‘कलि’ म्हणजे कलह डोकावतो. समजूत खरी की खोटी हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिचा एक उपयोग झाला असावा. अत्यंत विषारी कंद असलेली वेल त्यामुळे माजघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर राहिली.

कंदाची रचना व वर्षचक्र

कळलावीचा कंद दंडगोल, बाहेरून तपकिरी, आतून पांढरा व मांसल असतो. पूर्ण वाढलेला कंद दोन बाहूंचा असतो. बाहू बहुधा असमान, एक आखूड व एक लांब, आणि दोन्ही मिळून इंग्रजी व्ही किंवा एल या अक्षराचा आकार होतो. बटाट्याच्या अंगभर जसे डोळे असतात तसे येथे नसतात. प्रत्येक बाहूच्या निमुळत्या टोकाशी एकच डोळा असतो. तो टोकाचा डोळा मोडला की उरलेला कंद कितीही टपोरा व रसरशीत दिसला तरी लागवडीच्या दृष्टीने तो निरुपयोगी समजावा.

मृगाच्या सरींनी जमीन ओलावली की या डोळ्यातून कोंब वर येतो. कोंब, पाने, फुले यांना लागणारे बळ सुरुवातीला जुना कंद पुरवितो व त्यात तो रिता होत जातो. त्याच वेळी खोडाच्या बुडाशी, जमिनीखाली, नवा दोन बाहूंचा कंद आकार घेऊ लागतो. पावसाळा संपेपर्यंत जुना कंद सुरकुतून तपकिरी सालपट होतो व नवा कंद भरतो. म्हणजे वेल बहुवर्षायू असली तरी तिचा कोणताही कंद बहुवर्षायू नाही. तो दरवर्षी मरतो आणि दरवर्षी नव्याने घडतो. हळद किंवा शतावरी यांच्या सवयीने कळलावीकडे पाहणाऱ्याची येथेच फसगत होते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, यंदा पानांनी जेवढे अन्न तयार केले तेवढाच पुढील वर्षीचा कंद. यंदाची चूक पुढच्या वर्षी दिसते, म्हणून तिचे कारण सापडत नाही. दोन, एका डोळ्यातून एक वेल व त्या वेलीतून फार तर दोन डोळे, इतकीच या वनस्पतीची कंदाद्वारे वाढण्याची गती आहे.

कंद न उगवणे

कंद न उगवण्याचे पहिले कारण मोडलेला डोळा. कंद ठिसूळ असतो; पिशवीत इतर कंदांबरोबर ओतला, गाडीत हिंदकळला की टोके मोडतात. म्हणून कंद घेताना टोक निरखून पाहावे. टोक अखंड, फिकट व किंचित फुगीर असावे. दोन बाहू वेगळे करावयाचे असल्यास ते जोडावर, जेथे गतवर्षीच्या खोडाचा वण दिसतो तेथे, धारदार सुरीने कापावे. जखमेवर लाकडाची चाळलेली राख लावून तुकडे दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावेत व मगच लावावेत.

दुसरे कारण घाई. कंदाला काही महिन्यांची सक्तीची विश्रांती लागते. माघ-फाल्गुनात आणलेला कंद लगेच लावून त्यास रोज पाणी देणे म्हणजे त्यास कुजण्याचे निमंत्रण देणे होय. असा कंद कोरड्या वाळूत, सावलीत ठेवावा आणि वैशाखाच्या अखेरीस डोळा फुगलेला दिसू लागला म्हणजे लावावा. जमिनीत चार बोटे खोल, आडवा, डोळा किंचित वर राहील अशा रीतीने तो ठेवावा. उभा रोवू नये. लावल्यावर एकदा पाणी द्यावे आणि पुढे कोंब दिसेपर्यंत माती केवळ दमट ठेवावी.

कोंब कधी दोन आठवड्यांत येतो, कधी महिन्याहून अधिक काळ घेतो. या काळात उकरून पाहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही आणि वर येऊ घातलेला कोंब त्या उकरण्यातच मोडतो.

कंद कुजणे

देशावरील काळ्या जमिनीत कळलावी टिकत नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, साचून राहते, आणि साचलेले पाणी या कंदाला सोसत नाही, इतकेच खरे आहे. कोकणात याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. परंतु जांभ्याच्या उतारावरून तो निघून जातो. म्हणून काळ्या जमिनीत लावावयाचे झाल्यास वीतभर उंचीचा गादीवाफा किंवा वरंबा करावा, त्यात मुरूम व जाड वाळू मिसळावी व कंद वरंब्याच्या माथ्याजवळ ठेवावा.

कुंडीसाठी लाल माती, जाड वाळू व पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत यांचे समभाग मिश्रण सोयीचे पडते. कुंडी निदान हातभर खोल असावी, कारण नवा कंद खाली सरकत जातो. उथळ कुंडीत तो तळाशी साचलेल्या ओलीत जाऊन बसतो. तळाच्या भोकावर खापरी व त्यावर खडीचा थर आवश्यक आहे. ताजे शेण कदापि घालू नये. शेणखत घालावयाचे ते वर्षभर मुरलेले असावे. त्यात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून घातल्यास कंदकुजीस कारण होणाऱ्या बुरशींना आळा बसतो.

पावसाळ्यात वेल एकाएकी पिवळी पडली, बुडाशी खोड मऊ व पाणचट झाले तर कुज सुरू झाली असे समजावे. अशा वेळी वेल वाचविण्याचा खटाटोप करू नये. कंद उकरून काढावा, मऊ झालेला भाग निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापून टाकावा, आणि एखाद्या बाहूचे टोक शाबूत असेल तर तेवढाच भाग सुकवून नव्या मातीत ठेवावा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात नवा बाहू तयार झालेला असतो. तो वाचला तर पुढचे वर्ष वाचते.

फुले न येणे

लहान कंद पाने देतो, फुले देत नाही. सुमारे ५० ते ६० ग्रॅम वजनाचा बाहू लागवडीस चांगला. करंगळीएवढ्या बाहूकडून पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नये. कंद भरलेला असूनही फुले आली नाहीत तर उन्हाकडे पाहावे. ही वेल रानात झुडुपांच्या पायथ्याशी उगवते व त्यांच्यावर चढून माथा उन्हात काढते. बुंधा सावलीत आणि शेंडा उन्हात, अशी तिची रीत आहे. गच्चीच्या तापलेल्या कठड्यालगत बुडाची माती भाजते, आणि आंब्याच्या दाट सावलीत वेल नुसती लांबत जाते. कुंडीत भोवताली एखादे आखूड झुडूप किंवा गवती चहाचा ठोंब ठेवल्याने हा प्रश्न सुटतो.

फुले न येण्याचे आणखी एक कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे आधार. वेलीला चढता आले नाही तर ती जमिनीवर लोळते, पाने एकमेकांवर पडतात आणि वाऱ्याने खोड मोडते. या वेलीचे खोड ठिसूळ असून मुख्य कोंब मोडल्यास त्या हंगामात त्याच जागी दुसरा कोंब बहुधा येत नाही. अनेक जण जाड बांबू रोवतात व वेल त्यावर चढत नाही म्हणून सुतळीने बांधतात. कारण साधे आहे. पानाच्या टोकाचे प्रतान आखूड असतात. पेन्सिलीहून जाड वस्तूला त्यांना वेढा घालता येत नाही. त्यांना बारीक काटक्या हव्यात. तुराट्या, निर्गुंडीच्या वाळलेल्या फांद्या किंवा करवंदीची काटेरी डहाळी उत्तम. हा आधार कंद लावतानाच रोवावा. नंतर रोवल्यास कंदाला इजा होण्याचा संभव असतो.

पानांवरील अळी

कळलावीला विष आहे म्हणून कीड लागत नाही, हा समज चुकीचा आहे. पॉलिटेला ग्लोरिओसी नावाचा एक पतंग आपली अंडी याच वेलीवर व हिच्या जवळच्या लिलीवर्गीय वनस्पतींवर घालतो. त्याच्या अळ्या काळ्या असून अंगावर पांढरे-पिवळे व तांबडे ठिपके असतात. असे भडक रंग पक्ष्यांना अपायाची सूचना देण्यासाठी असतात. वेलीचे विष या अळ्यांना बाधत नाही. दोन-तीन दिवसांत त्या संपूर्ण वेल पर्णहीन करतात.

या किडीचे नुकसान केवळ यंदाचे नसते. श्रावणात पाने गेली तर नवा कंद भरतच नाही, आणि पुढील वर्षी “कंद लहान का निघाला” असा प्रश्न पडतो. म्हणून पावसाळ्यात एक दिवसाआड पानांची खालची बाजू पाहावी. अंड्यांचे पुंजके दिसल्यास ते पान काढून टाकावे. अळ्या हातमोजे घालून वेचाव्यात. संख्या अधिक असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा व आठ दिवसांनी पुन्हा फवारावा. ज्या वेलीचा औषधासाठी उपयोग करावयाचा तिच्यावर रासायनिक कीटकनाशक मारणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. दहा-वीस वेलींच्या बागेत त्याची गरजही पडत नाही.

सततच्या पावसात पानांवर तपकिरी डाग पडून ती टोकाकडून वाळतात. हा बुरशीजन्य करपा होय. दाटी कमी करावी, डागाळलेली पाने काढून जाळावीत, वरून पाणी शिंपडू नये. एवढ्याने बहुधा भागते.

फळ न धरणे

फूल पाहून सर्वांना आनंद होतो, परंतु फूल गळून देठ नुसताच राहिला म्हणून निराशा होते. फुलाची ठेवण पाहिली तर याचे कारण कळते. फूल खाली झुकलेले, सहाही परिदले वर वळलेली, सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाजूस पसरलेले. आणि कुक्षीवृंत मात्र बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूस दूर गेलेला. परागकोश आणि कुक्षी यांची भेट फुलाच्या आत आपोआप होणे त्यामुळे दुरापास्त आहे. पंखांचा विस्तार मोठा असणारी फुलपाखरे किंवा शिंजीर पक्षी यांच्या द्वारे ती घडते. शहरातील गच्चीवर हे पाहुणे क्वचितच येतात.

तामिळनाडूत कळलावीची शेती होते. तिरुप्पूर, दिंडिगुल, करूर या भागांत बियांसाठी हे पीक घेतले जाते. बियांतील कॉल्चिसिन हे द्रव्य औषधनिर्मितीसाठी काढतात. ही वेल त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. तेथील शेतकरी फुलांच्या हंगामात सकाळी हाताने परागण करतात. आपल्या बागेतही ते सहज करता येते. सकाळी दव सुकल्यावर, नुकत्याच उमललेल्या फुलाचा परागकोश फुटून पिवळी भुकटी दिसू लागली की मऊ कुंचल्याने ती घ्यावी व दुसऱ्या वेलीवरील फुलाच्या कुक्षीच्या तीन फाट्यांवर हळुवार लावावी. फुले रंग बदलतात, हिरवट-पिवळ्यातून केशरी व मग लाल होतात. हे काम पिवळ्या अवस्थेतच उरकावे.

फळ धरल्यास ते आरंभी हिरवे, पक्व झाल्यावर पिवळसर व सुरकुतलेले होते. फुटण्यापूर्वीच काढून सावलीत वाळवावे. आतील बिया शेंदरी-लाल, गोल व अत्यंत आकर्षक असतात, आणि लहान मुलांच्या दृष्टीने हेच मोठे भय आहे.

बियांपासून रोपे

बी ताजे पेरून उगवत नाही. त्यालाही काही महिन्यांची सुप्तावस्था असते. कार्तिकात काढलेले बी कागदी पाकिटात ठेवून पुढील ज्येष्ठात, रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. उगवण अत्यंत अनियमित असते. काही बिया महिनाभरात उगवतात, काहींना तीन-चार महिने लागतात, काही दुसऱ्याच पावसाळ्यात वर येतात. पहिल्या वर्षीचे रोप म्हणजे दोन-चार पाने. त्याखालील कंद बोराच्या बीएवढा. असे रोप फुलावर येण्यास साधारणपणे तीन ते चार वर्षे जातात. पेरलेल्या कुंडीवर वर्षाची चिठ्ठी लावावी व ती रिकामी समजून माती फेकू नये.

तीन-चार वर्षांचा हा हिशेब केवळ बागेपुरता नाही. रानातून जो कंद निघतो त्याची जागा भरून येण्यास, बी पडले असेल तर, इतका काळ लागतो.

वेल नाहीशी झाल्यावर

आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडू लागतात. हा रोग नव्हे. नेमके याच वेळी पाणी व खत वाढविले जाते आणि नव्याने भरलेला कंद कुजतो. पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करीत जावे व खोड वाळल्यावर पूर्ण बंद करावे. हिरवे खोड कापू नये. त्यातील रस खाली उतरू द्यावा. कुंडी पावसापाण्यापासून दूर, आडवी करून ठेवली तरी चालते. जमिनीतील कंद तेथेच राहू द्यावा, मात्र जागेवर ठळक खूण करावी, अन्यथा उन्हाळ्यात त्याच जागी दुसरे काही लावण्यासाठी कुदळ पडते.

विषबाधा व दक्षता

येथे थोडे थांबून लिहिणे अवश्य आहे, कारण कळलावीची बाग करणे म्हणजे घराजवळ विष बाळगणे आहे.

वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कॉल्चिसिन असते. हे द्रव्य शिजविल्याने नष्ट होत नाही. कंदाचा आकार व रंग रताळ्याशी आणि रानकंदांशी मिळताजुळता आहे. श्रीलंकेत अशा गैरसमजातून तो शिजवून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे कणगर, करांदे, कोनफळ हे कंद थंडीत काढले जातात आणि कळलावीचा कंद काढण्याचा काळही तोच. तेव्हा कळलावीचे कंद कधीही पडवीत, टोपलीत, इतर कंदांशेजारी ठेवू नयेत. ते वेगळ्या बंद डब्यात, मराठीत ठळक “विष” असे लिहून, कुलपात ठेवावेत. कंदभाज्यांच्या वाफ्याशेजारी ही वेल लावूच नये. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत, सुरी व पाटा वेगळे ठेवावेत, आणि माळी किंवा घरकाम करणाऱ्या व्यक्तींना ही वेल दाखवून ठेवावी.

बाधेचे स्वरूप फसवे असते. खाल्ल्यानंतर काही तास काहीच होत नाही. बहुधा दोन ते सहा तासांत, कधी अधिक उशिरा, घशात व पोटात दाह, छर्दी, उदरशूल व पाण्यासारखा विपुल अतिसार सुरू होतो. साधी अन्नविषबाधा समजून येथेच वेळ दवडला जातो. एक-दोन दिवसांत जुलाब कमी होऊन रुग्ण सावरल्यासारखा वाटतो. परंतु त्याच सुमारास वृक्क, यकृत, हृदय व अस्थिमज्जा यांवर आघात होऊ लागतो. वाचलेल्या रुग्णांचे केस पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात. यावर सर्वत्र सहज उपलब्ध असे विशिष्ट प्रतिविष नाही. म्हणून संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे, सोबत खाल्लेल्या कंदाचा तुकडा द्यावा आणि “कळलावी, कॉल्चिसिन” असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. ग्रंथोक्त उपचारांवर विसंबून दवाखान्यात वेळ घालविणे अशा प्रसंगी योग्य नव्हे.

प्रसूती जवळ आली म्हणून किंवा गर्भ नको म्हणून गावात कोणी मुळीची मागणी करीत आल्यास ती देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही बाग असली की मागणी येते. ग्रंथांत अपरापातनासाठी तळहात-तळपायांवर लेप सांगितला आहे, म्हणून मूळ पोटात द्यावे असा अर्थ कोणी काढू नये.

औषधासाठी कंद काढणे

लांगली कटु-तिक्त, तीक्ष्ण, उष्णवीर्य, सारक असून शोथ, अर्श, व्रण, कुष्ठ, कृमी यांत सांगितली आहे. कासीसादि तेलात तिचा समावेश आहे व आजच्या व्यवहारात तिचा मुख्य उपयोग असा बाह्यच राहावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील अनुसूची ई-१ मध्ये लांगली समाविष्ट असल्याने पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. गोमूत्रात एक दिवस भिजवून करावयाचे शोधन हे तीव्रता कमी करण्यासाठी आहे. शोधित लांगलीही उपविषच राहते.

बाजारात येणारी लांगली बव्हंशी रानातून येते. खोदणाऱ्यास वेल ओळखू येते ती फुलावर असताना. म्हणून ती तेव्हाच खोदली जाते. त्या वेळी जुना कंद रिता झालेला, नवा पुरता न भरलेला आणि बी धरावयाचे राहिलेले असते. द्रव्य हलके मिळते, कंद जातो आणि बीही जाते. दोन्ही बाहू काढून नेल्याने त्या जागी काहीही उरत नाही. बाजारातील वाळलेल्या चकत्यांवरून कंद केव्हा काढला हे सांगता येत नाही. स्वतःच्या बागेतील कंदाविषयी मात्र ते निश्चित ठाऊक असते. इसवी सन २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने ज्या वनस्पतींच्या लागवडीवर भर दिला त्यांत कळलावी आहे, त्यामागे रानातील हीच ओढाताण आहे.

बागेत कंद काढावयाचा तो मार्गशीर्षात, खोड पूर्ण वाळून सहज सुटू लागल्यावर. खुरप्याने न खोदता बाजूने हाताने माती सोडवावी. निघालेल्या कंदाचे दोन बाहू जोडावर वेगळे करावेत. लांब व भरीव बाहू, डोळा तपासून, लागवडीसाठी वाळूत ठेवावा; आखूड बाहू औषधासाठी घ्यावा. व्यवहारात याच्या उलट घडते, भरीव तो खलात जातो आणि किरकोळ तो मातीत, व त्यामुळे पुढील वर्षी वेल फुलत नाही. संख्या वाढवावयाची असल्यास पहिली तीन वर्षे औषधासाठी काहीच घेऊ नये. प्रत्येक डोळा टिकला तर पाच कंदांच्या दहा बाहूंपासून तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस ऐंशी बाहू होतात. प्रत्यक्षात कुज, अळी व मोडतोड यांमुळे संख्या बरीच कमी भरते, तरी एका लहान दवाखान्याच्या बाह्योपचारास पुरेल एवढा साठा होतो.

औषधासाठी घेतलेला बाहू धुऊन, पातळ चकत्या करून सावलीत वाळवावा. वाळविण्याचे ताट उंचावर, झाकून ठेवावे. डब्यावर द्रव्याचे नाव, काढल्याची तारीख, शोधित की अशोधित हे लिहावे, आणि शोधनात वापरलेले गोमूत्र व धुतलेले पाणी गुरे फिरत नाहीत अशा ठिकाणी खड्ड्यात ओतून वर माती ओढावी.